सुजेपुरती जागा

जिभेला हाड नसतं, असं आमच्या कुताइसीतही म्हणतात.
म्हणून मी एक बसवून घेतलं,
टायटेनियमचं, मधोमध,
पांढऱ्या पुलापलीकडे, जिन्याखालच्या
झ्वियादच्या दुकानात.
सुई गेली तेव्हा विशेष काही झालं नाही.
जे व्हायचं ते रात्री झालं.

"दांडी लांब वाटेल," तो म्हणाला होता,
"सुजेपुरती जागा ठेवलीय."
अशी जागा ठेवायची असते
हे मार्चमध्ये ठाऊक असतं
तर फोनवर माकाला मी म्हणाले नसते
की आई गेली तेव्हा तू फक्त पैसे पाठवलेस.

तिसऱ्या दिवशी जीभ अशी,
की दुसरीच कुणी बाई
सामानसुमान घेऊन तोंडात राहायला आलीय.
डोक्याखाली दोन उशा.
बर्फाचे खडे चावायचे नाहीत, विरघळू द्यायचे.
कोमट पाण्यात चिमूटभर मीठ, प्रत्येक घासानंतर,
आणि घास म्हणजे काय, तर गार मात्सोनी, चमच्याच्या टोकानं.
नवा मऊ ब्रश. हात धुतल्याशिवाय गोळीला बोट नाही.
ती दातांवर वाजवायची नाही
(दिवसभर तेवढंच करावंसं वाटतं).
पांढुरकं काही आलं तर घाबरायचं नाही,
ताप आला तर मात्र सरळ डॉक्टर.
अजिका नाही, आंबट आलुबुखारची चटणी नाही,
सिगारेट नाही, वाइन नाही.
चुंबन नाही, हे झ्वियादनं
गल्ल्याकडे बघत सांगितलं.
तो नियम पाळायला मला सोपाच होता.

आणि नेमका शनिवारी जुंबेरमामाचा साठावा.
अठ्ठावीस माणसं, तीन मेजं जोडलेली,
आणि मामाच तामादा,
म्हणजे पेला केव्हा उचलायचा, कुणासाठी, ते तो ठरवणार.
"पोरीला वेसण घातली एकदाची!" तो म्हणाला.
सगळे हसले. मीही हसले असते,
पण हसलं की गोळी टाळूला टेकते.

देशासाठी पेले झाले, गेलेल्यांसाठी झाले.
मग, जे दूर आहेत त्यांच्यासाठी.
इथं प्रत्येक घरातलं कुणीतरी
बारीत नाहीतर सालोनिकात
परक्यांच्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालत असतं.
मी पाण्याचा ग्लास उचलला.
मामी कानात म्हणाली, पाण्यानं नको, अपशकुन होतो.
ठेवला. रिकामा पेला धरून उभी राहिले.
मामानं पाहिलं. त्याचं वाक्य अर्ध्यात थांबलं.
"आता नुत्सा बोलेल."

आजवर त्यानं कधी मला बोलायला दिलं नव्हतं.
माझ्याकडे 'स' नव्हता, 'र' नव्हता,
माझ्याच नावातला 'त्स' परवापासून बेपत्ता.
जे उरलं होतं ते चाचपलं,
आणि म्हणाले, "माका."

'म'ला ओठ पुरतात. 'क'ला जिभेचं मूळ.
मधली जखम वाटेत कुठेच आली नाही.

एवढंच. मी खाली बसले.
मामीनं काही न विचारता
माझ्या ताटातली मिरची आपल्याकडे घेतली.

सोळाव्या दिवशी झ्वियादनं आखूड दांडी घातली.
"लांब ठेवली तर दात झिजतात," तो म्हणाला.
पुलावर आले. खाली रिओनी पांढऱ्या दगडांवरून घाईत चाललेली.
फोन काढला आणि माकाला
आमचं लहानपणचं भांडण पाठवलं:
बाकाकी त्स्काल्शी किकिनेब्स.
बेडूक पाण्यात डरावतो. भरभर, तीनदा, न अडखळता.
जी अडखळेल तिनं भांडी घासायची.
किकिनेब्स घशातून नीट आलं,
त्स्काल्शीचा पार चोथा झाला.

रात्री उत्तर आलं, सात सेकंदांचं.
मागे कुणी म्हातारी इटालियनमध्ये खोकत होती.
माका हळू आवाजात, भरभर, एकदा, दोनदा,
आणि तिसऱ्यांदा नेहमीच्याच जागी अडखळली.

मी चूळ भरली.
मिठाचं पाणी आज
जरा जास्तच खारट झालं होतं.